छातीवरचा आकडा : मुलींच्या फुटबॉलची निवड चाचणी



गेल्या भागानंतर बडोद्याहून एका ताईंचं पत्र आलं. त्यांची मुलगी बारा वर्षांची आहे, फुटबॉल खेळते, आणि पुढच्या महिन्यात तिची एका संघासाठी निवड चाचणी आहे. ताई लिहितात, ‘काका, तुम्ही लढायांचा इतिहास सांगता. मुलींच्या फुटबॉलला काही इतिहास आहे का? तिला सांगायला काहीतरी हवं. घरात सगळे म्हणतात, हे आजकालचं खूळ आहे.’

खूळ असेल, पण आजकालचं नाही. शंभर वर्षं तरी जुनं आहे. त्याच्याबद्दल बोलायचं तर मला माझीही एक गोष्ट सांगावी लागेल. ती फार अभिमानाची नाही. ती मधे कुठेतरी येईल.

सुरुवात पहिल्या महायुद्धापासून करू, कारण तिथे फौजेचा संबंध आहे. इंग्लंडमधले पुरुष खंदकात गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका कामाला लागल्या. प्रेस्टन गावात डिक केर नावाचा कारखाना होता. तिथल्या मुली जेवणाच्या सुट्टीत अंगणात चेंडू मारायच्या. १९१७ मध्ये त्यांचा संघ झाला आणि जखमी सैनिकांसाठी पैसे जमवायला त्यांनी सामने सुरू केले. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना बघायला ५३,००० माणसं आत होती आणि हजारो दाराबाहेरून परत गेली. या संघात लिली पार नावाची मुलगी होती. संघात आली तेव्हा जेमतेम चौदा-पंधरा वर्षांची. तिची निवड कुणी अर्ज मागवून केली नव्हती. खेळताना दिसली, घेतली.

वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठराव केला की हा खेळ बायकांना योग्य नाही आणि संघटनेच्या क्लबांनी आपली मैदानं त्यांना देऊ नयेत. खेळावर थेट बंदी घातली नाही, फक्त मैदान काढून घेतलं. फौजेत याला रसद तोडणं म्हणतात. शत्रूशी लढायचं नाही, त्याचं पाणी बंद करायचं. ही रसद पन्नास वर्षं तुटलेली होती, १९७१ पर्यंत.

त्यानंतरही गाठ सुटली नव्हती. नॉटिंगहॅमशायरमधली थेरेसा बेनेट ही अकरा वर्षांची मुलगी मुलांच्या बारा वर्षांखालील संघात खेळण्याइतकी चांगली होती. क्लबला ती हवी होती, संघटनेला नको होती. प्रकरण कोर्टात गेलं. खालच्या कोर्टात ती जिंकली, पण १९७८ मध्ये वरच्या कोर्टात हरली. लॉर्ड डेनिंग यांच्यासारख्या न्यायाधीशांनी निकाल दिला की कायद्यातच अशा खेळांना सूट आहे, जिथे सरासरी बाईची ताकद सरासरी पुरुषापेक्षा कमी पडते. मला हा निकाल वाचताना एकच शब्द टोचतो : सरासरी. मैदानावर सरासरी मुलगी नव्हती, थेरेसा होती. अकराव्या वर्षी कुठली ताकद आणि कुठलं काय! पण हाच शब्द पुढे माझ्याही हातात आला, स्टॉपवॉचच्या रूपात.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे बंदी घालायची वेळच आली नाही, कारण कुणी लक्षच देत नव्हतं. १९७५ मध्ये भारतीय महिला फुटबॉल महासंघ स्थापन झाला. मुख्य फुटबॉल महासंघाशी त्याचा संबंध नव्हता. स्वतंत्र चूल, आणि त्या चुलीवर शिजवायला फारसं काही नाही. ईस्ट बंगालशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते सुशील भट्टाचार्य या महिला संघाचे पहिले प्रशिक्षक. बंगालच्या शांती मलिक आणि कुंतला घोष दस्तीदार, गोव्याच्या योलांडा डिसोझा या त्या पिढीच्या खेळाडू.

१९८० मध्ये कोळिकोडला आशियाई महिला अजिंक्यपद स्पर्धा झाली. यजमान म्हणून आपण एक नाही, दोन संघ उतरवले. विचार करा, ज्या देशात मुलींच्या फुटबॉलची धड व्यवस्था नव्हती, त्या देशाने दोन राष्ट्रीय संघ निवडले. आणि त्यातला एक अंतिम सामन्यात पोचला, तैवानकडून ०-२ ने हरला. १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा अंतिम सामना, तिथे थायलंडने ३-० ने हरवलं. आशियात दोनदा दुसरा क्रमांक. त्याच १९८३ साली शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, महिला फुटबॉलपटूला मिळालेला पहिला. तेव्हा मी तरुण होतो, क्रिकेटचा विश्वचषक आपण जिंकला होता, रस्त्यावर नाचलोही होतो. शांती मलिक हे नाव मी ऐकलेलं नव्हतं. तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलं होतं? प्रामाणिकपणे सांगा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महिलांचं फुटबॉल मुख्य महासंघाकडे आलं आणि राष्ट्रीय स्पर्धा त्याच्या छत्राखाली भरू लागल्या. चूल एक झाली म्हणून ताटात जास्त पडलं असं मात्र नाही. २००९ मध्ये तर अशी वेळ आली की दीड वर्षात आपला महिला संघ एकही सामना खेळला नाही, आणि फिफाच्या क्रमवारीतून भारताचं नावच गळालं. म्हणजे निवड होते, ब्लेझर मिळतो, आणि समोर सामनाच नाही.

या सगळ्या वर्षांत एक राज्य मात्र थांबलं नाही. मणिपूर. सीनियर राष्ट्रीय स्पर्धेची वीसपेक्षा जास्त विजेतेपदं एकट्या मणिपूरकडे आहेत. नव्वदच्या दशकात माझी तिथे बदली झाली होती. आमच्या वर्दीकडे लोकांची नजर फार प्रेमाची नसायची, त्याची कारणं होती, तो आजचा विषय नाही. पण सकाळी गाडीतून जाताना एक दृश्य दिसायचं. गल्लीगल्लीला, म्हणजे तिथल्या भाषेत लैकाईला, एक क्लब, क्लबला एक मैदान, मैदानावर पावसाने गुडघाभर झालेला चिखल, आणि त्या चिखलात मुली. कडेला माणसं छत्री घेऊन उभी. कुणाला त्यात नवल वाटत नव्हतं. ज्या शहराच्या मध्यभागी इमा कैथेल हा फक्त बायकांनी चालवलेला बाजार पिढ्यान्‌पिढ्या भरतो, तिथे बाईने मैदानात उतरणं ही बातमी होत नाही.

तरीही बेमबेम देवीची गोष्ट तिथलीच. इंफाळमध्ये १९८० साली जन्मलेली ही मुलगी लहानपणी मुलांच्यात खेळायची. मुलगी म्हणून खेळू देतील न देतील, म्हणून तिने मुलांसारखी नावं घेतली होती, बोबो आणि आम्को. खोट्या नावाने मैदानात शिरायचं आणि खऱ्या पायाने खेळायचं. १९९१ मध्ये ती मणिपूरच्या तेरा वर्षांखालील संघात निवडली गेली, पंधराव्या वर्षी भारताकडून खेळली, पुढे कर्णधार झाली. २०१७ ला अर्जुन पुरस्कार, २०२० ला पद्मश्री. लिली पारसारखंच हेही. आधी खेळताना दिसली, मग निवड.

हरियाणातलं अलखपुरा हे भिवानी जिल्ह्यातलं गाव याहून वेगळं. तिथल्या सरकारी शाळेत क्रीडाशिक्षक मुलांचा सराव घ्यायचे. मुली म्हणाल्या, आम्हालाही काहीतरी द्या. त्यांनी एक फुटबॉल त्यांच्याकडे टाकला. पुढे त्या शाळेने सुब्रतो करंडक जिंकला आणि त्याच गावची संजू यादव भारताची आघाडीची खेळाडू झाली. तिथे चाचणी नव्हतीच. जी येईल ती खेळेल.

सुब्रतो करंडकाचं नाव निघालं म्हणून सांगतो. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाची ही शालेय स्पर्धा १९६० पासून हवाई दल भरवतं. (आम्ही पायदळवाले हवाई दलाची स्तुती सहसा करत नाही, पण ही करावी लागते.) मुलांसाठी १९६०, आणि मुलींचा गट कधी सुरू झाला? २०१२ मध्ये. ५२ वर्षांनी. आणि तो सुरू झाल्यावर काय झालं तर जिल्ह्याजिल्ह्यात शाळा मुलींचे संघ शोधू लागल्या. स्पर्धा असली की संघ लागतो, संघ लागला की चाचणी लागते. मग चाचणी घ्यायला माणसं लागतात.

त्यातला एक माणूस मी.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. मध्य भारतातल्या एका जिल्ह्यात मुलींचा संघ निवडायचा होता आणि ‘कर्नलसाहेब शिस्तीचे आहेत, वशिला चालणार नाही’ म्हणून मला बोलावलं. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. पहाटे सहाला मैदानावर ९४ मुली. निवडायच्या होत्या २४. दहा वाजता ऊन चढणार. मी म्हटलं, आधी चाळणी लावू. शरीरक्षमतेच्या चाचण्या मला तोंडपाठ : तीस मीटर धाव, उभ्याने लांब उडी, सहा गुणिले दहा मीटरची शटल धाव. अशा चाचण्या क्रीडा प्राधिकरणाच्या गुणवत्ता शोधातही असतात, त्यात वावगं काही नाही. प्रत्येकीच्या छातीवर कागदी आकडा टाचला, हातात स्टॉपवॉच घेतलं, आणि पावणेदोन तासांत ४४ मुली बाद केल्या. चेंडूला अजून कुणाचा पाय लागला नव्हता.

४१ नंबरची मुलगी तीस मीटरमध्ये जवळजवळ शेवटची आली. बारीक, उंचीला कमी. पळताना पाय उचलण्याऐवजी ओढत होती. मी लाल पेन्सिलीने रेघ मारली.

उरलेल्या मुलींचा सामना सुरू झाला. बाद झालेल्या मुली कडुनिंबाखाली गावच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. तिथे एक जुना चेंडू पडला होता. पाणी प्यायला म्हणून मी तिकडे गेलो आणि बघितलं, ४१ नंबर अनवाणी खेळत होती. तिघीजणी तिच्या अंगावर येत होत्या आणि ती चेंडू आत न बघता असा वळवत होती की तिघी तिघीकडे. मी उभा राहिलो. तिने काढून ठेवलेले बूट बाजूला होते. थोरल्या भावाचे असावेत. पुढे चिंध्या कोंबलेल्या.

तिच्या शाळेचे मास्तर शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, ‘साहेब, तुम्ही तिचे बूट मोजलेत.’

मी काय केलं असेल असं तुम्हाला वाटतं? मी म्हटलं, ‘मास्तर, यादीवर सही झाली आहे.’ छत्तीस वर्षं सही या गोष्टीला मी फार मानत आलो. आणि यादी बदलली तर उरलेल्या ४३ मुलींचं काय, असा एक तर्कही माझ्याजवळ तयार होता. तर्क बरोबर होता. त्या ४३ जणींचीही चाचणी मी तशीच घेतली होती, हे मला घरी गेल्यावर सुचलं.

गंमत बघा. फौजेत अधिकारी निवडताना सेवा निवड मंडळ उमेदवाराला पाच दिवस ठेवून घेतं. त्याला लिहायला लावतं, बोलायला लावतं, फळ्या-दोर देऊन नाला ओलांडायला लावतं, एकट्याला बघतं, गटात बघतं. नापास झाला तर पुन्हा यायची मुभा असते. मी स्वतः दुसऱ्या खेपेला पास झालो. ज्या माणसाला पाच दिवस आणि दोन खेपा मिळाल्या, त्याने त्या मुलीला पाच-सहा सेकंद दिले.

पुढच्या वर्षी मी मुद्दाम त्या मास्तरांना फोन केला. ते म्हणाले, ‘साहेब, यंदा ती वयात बसत नाही. आणि शाळेतही नाही.’ मी पुढे विचारलं नाही.

वयाचं हे गणित निवड चाचणीतलं सगळ्यात क्रूर गणित. वयोगट १ जानेवारीला कापला जातो. जानेवारीत जन्मलेली आणि डिसेंबरात जन्मलेली एकाच गटात, मधे जवळजवळ एक वर्ष. बारा-तेराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे केवढं! मुली वयात लवकर येतात, काही अकराव्या वर्षीच उंच होतात, काही चौदाव्या वर्षापर्यंत लहानखुऱ्याच राहतात. उंच ती निवडली जाते, तिला प्रशिक्षक मिळतो, सामने मिळतात, आणि दोन वर्षांनी ती खरोखरच पुढे गेलेली असते. मग आपण म्हणतो, बघा, आपली निवड बरोबर होती.

त्यात आपल्याकडे जन्मतारखेचा घोळ. माझ्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तो लिहिला. आता वय चोरणाऱ्यांना पकडायला डाव्या हाताच्या आणि मनगटाच्या हाडांचा एक्स-रे काढतात. त्याची गरज आहे, मी नाकारत नाही. पण खेड्यातल्या मुलीच्या आईला ‘हाडाचा फोटो’ कशासाठी हे समजावून सांगणारा माणूस तिथे कधी नसतो. पोरीला काय झालंय म्हणून ती घाबरते.

आणि कधीकधी मुलगी बसते, वय बसतं, निवड होते, तरी तारीख आडवी येते. सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात २०२० च्या नोव्हेंबरात होणार होता. यजमान म्हणून आपला संघ थेट आत. स्वीडनचे थॉमस डेनरबी प्रशिक्षक म्हणून आले, मुली निवडल्या, शिबिरं झाली. मग करोना आला. स्पर्धा २०२१ वर गेली, मग रद्द झाली, आणि भारताला मिळाली २०२२ ची. २०२० च्या स्पर्धेला २००३ पासून जन्मलेल्या मुली चालत होत्या, २०२२ ला २००५ पासून. मधल्या दोन वर्षांच्या मुली घरी गेल्या. त्यांनी काही चुकीचं केलं नव्हतं. गाळणाऱ्याचीही चूक नव्हती. विश्वचषक खेळायची तयारी केलेली मुलगी लॉकडाऊनमध्ये गावच्या शेतावर बसून आपली जन्मतारीख मोजत असेल, याचा विचार करा.

२०२२ चा संघ उतरला. त्याआधी ऑगस्टमध्ये आपला महासंघच फिफाने निलंबित केला होता, स्पर्धा हातची जाते की काय अशी पाळी आली, ते निलंबन अकरा-बारा दिवसांत उठलं. भुवनेश्वरला सामने झाले. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. लोक हसले. मला हसू आलं नाही. कर्णधार अष्टम उरांव ही झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. तिच्या गावात तिच्या सन्मानार्थ रस्ता बांधायला घेतला, आणि त्या रस्त्याच्या कामावर तिचे आई-वडील मजुरी करत होते, अशी बातमी त्या दिवसांत आली होती. अंतिम सामना आपल्या नवी मुंबईत झाला. स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवलं. आपल्यापैकी कितीजण गेले होते?

पण या गोष्टीला एक पुढचा तुकडा आहे, तो बडोद्याच्या ताईंच्या मुलीसाठी. १९८३ मध्ये बँकॉकला थायलंडने आपल्याला हरवलं, ते मी सांगितलं. ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमध्येच, चियांग माईला, आपल्या मुलींनी थायलंडला २-१ ने हरवलं आणि आशियाई चषकाची पात्रता मिळवली. पात्रता फेरी खेळून तिथे पोचण्याची ही पहिलीच वेळ. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोरचे. ४२ वर्षं लागली. मी तो सामना रात्री फोनवर बघितला. बायको म्हणाली, एवढ्या मोठ्याने ओरडू नका, शेजारी उठतील.

आता ताई, तुम्ही इतिहास विचारलात, तो झाला. कामाचं थोडं सांगतो, कारण आता मी चाचण्या घ्यायला पुन्हा जातो, पण पद्धत बदलली आहे. आधी पाच-पाचच्या छोट्या मैदानावर खेळवतो, सगळ्यांना, निदान तीन डाव. धाव शेवटी, आणि तिच्यावरून कुणाला बाद करत नाही. चेंडू पायात नसताना मुलगी काय करते ते बघतो : मान वर आहे का, जागा शोधते का, चेंडू गेल्यावर मागे धावते का. तुमच्या मुलीला सांगा, चेंडू यायच्या आधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघायची सवय लावून घे. पहिला स्पर्श मऊ हवा. चूक झाली तर आमच्याकडे बघू नकोस, चेंडूच्या मागे जा. ओरडून बोल, कारण गप्प मुलगी मैदानात असूनही दिसत नाही.

जन्मदाखल्याची मूळ प्रत आणि झेरॉक्स आदल्या रात्रीच पिशवीत ठेवा. सकाळी केळं आणि दोन घास पोहे, त्याहून जास्त नको. तुम्ही बरोबर जा, पण मैदानाच्या कडेवरून सूचना देऊ नका. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत, आदल्या आठवड्यात घालून मळवायचे. माझ्या गाडीच्या डिकीत आता बुटांचे आठ-नऊ जोड असतात, तीन नंबरापासून सहापर्यंत, जुने पण शाबूत. गेल्या चाचणीला त्यातले पाच वापरले गेले.

निकाल काय लागला ते कळवा. यादीत नाव नसलं तरी कळवा, आणि पुढची चाचणी कधी आहे तेही लिहा. पुढच्या भागात आपण पुन्हा लढाईकडे वळू, आणि जे राहून गेलं आहे त्या पालखेडचं बोलू.